दहा-बारा हजारांच्या मॉनिटरास

प्रिय मॉनिटरा,

तू अजून आमच्या घरी आलेला नाहीस. सिपरी बाजारातल्या एखाद्या दुकानात, नाहीतर दिल्लीकडच्या एखाद्या गोदामात खोक्यात बंद असशील. तुझ्यासाठी पैसे बाजूला काढून ठेवले आहेत आणि घरात रोज तुझ्यावरून चर्चा झडते. भाचा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, आमच्याकडेच राहतो. त्याला तू खेळायला हवास. मला रात्री सिनेमा बघायला हवास. सासूबाईंना दुपारी जुन्या मालिका लावून द्याव्या लागतात. टेबल एकच, कॉम्प्युटर एकच आणि मर्यादा दहा-बारा हजारांची. म्हणून तू दारात येण्याआधीच सगळं सांगून ठेवते. पत्र उघडं लिहिते आहे, कारण असाच हिशेब मांडून तुझी वाट पाहणारी घरं झाशीत पुष्कळ आहेत, आणि पुण्या-नागपुरातही असणार.

तुला आम्ही स्वस्त समजत नाही. आमच्यासारख्या घरातून दहा-बारा हजार निघतात तेव्हा दुसरं काहीतरी पुढे ढकललेलं असतं. त्यामुळे ‘या भावात एवढंच मिळणार’ हे मला कुणाकडून ऐकून घ्यायचं नाही. या भावात काय चांगलं मिळतं, हे आता नेमकं सांगता येतं. फक्त ते खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं नसतं.

आणि पडद्यावरचं चांगलं दिसावं ही हौस या गावाला नवी नाही. पेशव्यांच्या काळात बुंदेलखंडात आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली मणिकर्णिकेचं, म्हणजे पुढच्या राणी लक्ष्मीबाईचं, लग्न लागलं, तिथे आमच्या घरातली माणसं आजही दर्शनाला जातात. तिचे पती गंगाधरराव नाटकाचे वेडे होते. त्यांची नाट्यशाळा होती, आणि झाशीतच राहून लिहिणाऱ्या वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या ‘झाँसी की रानी’ कादंबरीत तिला मोठी जागा आहे. गंगाधरराव गेले १८५३ मध्ये. बरोबर शंभर वर्षांनी, १९५३ मध्ये, सोहराब मोदींनी ‘झाँसी की रानी’ हा चित्रपट काढला. भारतातला तो पहिला टेक्निकलर चित्रपट. रंग नीट उतरावेत म्हणून मोदींनी अर्नेस्ट हॅलर या छायाचित्रकाराला अमेरिकेतून आणलं. ‘गॉन विथ द विंड’साठी ऑस्कर मिळालेला माणूस. राजाला आपल्या हौसेसाठी नाट्यशाळा बांधता आली, मोदींना हॉलिवूडचा कॅमेरामन आणता आला. आमची नाट्यशाळा तू आहेस, पावणेचोवीस इंचांची. म्हणूनच तुझ्याबद्दल इतकं बारकाईने बोलते.

मला तुझ्याकडून सगळ्यात आधी काळोख हवा आहे. दुकानात तुला ओळीने मांडलेलं असतं तेव्हा प्रत्येकावर फुलं, पोपट आणि समुद्रकिनारे चालू असतात. झगझगीत उजेडात रंग सगळ्यांचेच छान दिसतात. खरी परीक्षा ‘तुंबाड’सारख्या चित्रपटात होते. राही अनिल बर्वेंना ज्या गोष्टीवरून तो सुचला ती नारायण धारपांची, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पाऊस, जुना वाडा, हातातला कंदील आणि त्याच्या पलीकडे काही न दिसणारं. ते ‘काही न दिसणारं’ तू राखाडी दाखवलंस तर भीतीच उरत नाही.

हे तुझ्या पोटातल्या पॅनेलवर ठरतं. तुझ्या भावात ते तीन जातींचं मिळतं. टीएन जात जुनी आणि चपळ, पण जरा वाकून किंवा बाजूने पाहिलं की रंग उलटतात. तिचा विचार आता सोडून द्यावा. दुसरी आयपीएस. जपानच्या हिताची कंपनीने १९९६ मध्ये ती बाजारात आणली ती याच बाजूने बघण्याच्या अडचणीवर उपाय म्हणून. कुठूनही पाहा, रंग जवळपास तेच राहतात. पण तिचा काळा खरा काळा नाही. तिच्यात सगळ्यात पांढरा ठिपका सगळ्यात काळ्या ठिपक्यापेक्षा साधारण हजारपट उजळ असतो. तिसरी व्हीए. तिच्यात हेच प्रमाण तीन हजारांच्या आसपास जातं, म्हणजे तेवढ्याच उजेडात काळा तिप्पट गडद. रात्री दिवा मालवून एकट्याने समोर बसून सिनेमा बघणाऱ्याला व्हीएसारखा पडदा या पैशात दुसरा नाही. ज्याच्या घरी हीच परिस्थिती आहे त्याने डोळे झाकून व्हीए घ्यावी, असं मी म्हणेन.

आमच्या घरी ती नाही. सासूबाई खिडकीजवळच्या दिवाणावरून बघतात, म्हणजे तुझ्या समोरून नव्हे, चांगल्याच तिरक्या कोनातून. तिथून व्हीएचा तो गडद काळा फिका पडतो, चेहऱ्यांचे रंग विटल्यासारखे होतात. दुसरी अडचण भाच्याची. स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये काळ्यातून गडद करड्याकडे जाताना ठिपके रेंगाळतात. अंधाऱ्या बोळातून खेळाडू पळत गेला की त्याच्यामागे काजळ फासल्यासारखा पट्टा उमटतो. गोळीबाराच्या खेळात शत्रू नेमका अशाच कोपऱ्यात दबा धरून बसलेला असतो. तेव्हा आम्ही आयपीएस घेणार, हे ठरलं. काळोखाचं काय करायचं ते पुढे सांगते; त्यालाही इलाज आहे.

हा काळोख सिनेमात किती मोठी जागा घेतो याचा विचार सहसा कुणी करत नाही. तुझा पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा, साधारण ५२.७ सेंटिमीटर रुंद आणि २९.६ उंच. पण आजचे अनेक मोठे चित्रपट याहून बरेच रुंद, २.३९ ला १ या प्रमाणात काढलेले असतात. ते तुझ्यावर लावले की चित्राची उंची उरते २२ सेंटिमीटर, आणि वर-खाली पावणेचार-पावणेचार सेंटिमीटरचे काळे पट्टे. म्हणजे पडद्याचा पाव भाग सिनेमाभर काळाच. मोदींचा १९५३ चा चित्रपट लावला तर उलटं. तेव्हाची चौकट जवळजवळ चौकोनी, म्हणून डावी-उजवीकडे सहा-सहा सेंटिमीटर काळं. हा काळा भाग धुरकट उजळत राहिला तर नजर पुन्हा पुन्हा तिकडे ओढली जाते. एवढ्यासाठी लांबोडा, एकवीसास नऊचा पडदा घ्यावा असं कुणी सुचवेल, पण चांगला लांबोडा या पैशात बसत नाही आणि सासूबाईंच्या मालिका त्यावर मधोमध इवल्याशा दिसतील.

इलाज असा. तुझ्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, पांढऱ्या एलईडीची एक पट्टी लावायची. रंगीबेरंगी, नाचणारी नको. दिवसाच्या उजेडासारखी शुभ्र, ज्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं ती. भिंतीवर मंद उजेड पडला की डोळ्याची बाहुली थोडी आकसते आणि पडद्यावरचा राखाडी आपल्याला काळा वाटू लागतो. चित्रपटांचे रंग जुळवणारी मंडळीही आपल्या खोलीत पडद्यामागे असाच उजेड ठेवतात. काहीशे रुपयांत होणारं काम आहे, डोळेही कमी थकतात. आयपीएस घेणाऱ्या प्रत्येकाने मॉनिटरबरोबरच ही पट्टी घ्यावी.

आता भाच्याचा विषय. ‘मावशी, एकशे ऐंशी हर्ट्झचा बघ ना!’ हे त्याचं पालुपद. त्याचं म्हणणं रास्त आहे, हे आधी मान्य करते. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं. १०० हर्ट्झला ते दहावर येतं, १४४ ला सातच्या आत. साठावरून शंभरावर गेलं की माउस हलवतानाच फरक हाताला कळतो. शंभरावरून एकशे चाळीसवरही कळतो, विशेषतः ज्याची बोटं तरुण आहेत त्याला. एकशे चव्वेचाळीसवरून एकशे ऐंशीवर जाताना मात्र दीड मिलिसेकंदापेक्षाही कमी पदरात पडतं. त्यापेक्षा मोठा प्रश्न हा, की आमच्या कॉम्प्युटरातलं ग्राफिक्स कार्ड तेवढी चित्रं काढून देणार का? हलक्या स्पर्धेच्या खेळात देईल. मोठ्या, जंगल-डोंगर आणि गावंच्या गावं असलेल्या खेळात ते चाळीस-पन्नासावर धापा टाकेल.

तिथे तुझा एक गुण फार उपयोगी पडतो: कार्डाने चित्र दिलं की तेव्हाच ते दाखवायचं, आपल्या ठरलेल्या ठेक्याने नाही. याला अडॅप्टिव्ह सिंक म्हणतात. एएमडीचं फ्रीसिंक हे त्याचंच नाव. चित्र मधेच कापल्यासारखं दिसणं आणि अडखळणं त्याने थांबतं. पण खोक्यावर नाव आहे म्हणून भागत नाही, त्याची कक्षा बघावी लागते. ती ४८ ते ७५ एवढीच असेल तर कार्ड चाळीसवर घसरल्यावर तू हात वर करतोस. कमाल आकडा किमान आकड्याच्या दुपटीहून चांगला जास्त असेल, समजा ४८ ते १४४, तर तेच चित्र दोनदा दाखवून तू सांभाळून घेतोस. म्हणजे जास्त हर्ट्झचा खरा फायदा दुबळ्या कार्डालाच अधिक. हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की मला ते आधीच सांगायला हवं होतं असं वाटलं.

शिवाय जास्त हर्ट्झ सिनेमालाही लागतात, हे बहुतेकांच्या ध्यानात नसतं. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा. साठाला चोवीसने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा असं दाखवावं लागतं. कॅमेरा डोंगरावरून संथ फिरतो तेव्हा जो बारीक हिसका जाणवतो तो यामुळे. १२० ला प्रत्येक चित्र पाच वेळा, १४४ ला सहा वेळा, आणि हालचाल सलग. तू १६५ किंवा १८० चा असलास तरी सिनेमाच्या वेळी तुला सेटिंगमध्ये १४४ किंवा १२० वर आणता येईल. आणि सासूबाईंच्या दूरदर्शनच्या काळातल्या मालिका सेकंदाला २५ चित्रांच्या. त्यांना १०० हर्ट्झ अगदी मापात बसतं. एकाच टेबलावर तिघांचे तीन ठेके, आणि तिघांनाही तू पुरतोस. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

आता जे नको ते. तुझ्यावर एचडीआर असं लिहिलेलं मला खपणार नाही, कारण त्याचे पैसे मोजले जातात आणि मिळत काही नाही. तुझा उजेड अडीचशे-तीनशे निट्सचा. एचडीआरला कडक ऊन आणि गडद सावली एकाच चित्रात दाखवावी लागते, त्यासाठी पडद्याचे भाग वेगवेगळे उजळावे-मंदावावे लागतात. तुझ्यात ती सोय नाही. तू फक्त तो सिग्नल स्वीकारतोस, आणि स्वीकारल्यावर चित्र बहुधा आणखी फिकं दिसतं. तसंच ठिपक्याला रंग बदलायला लागणारा ‘एक मिलिसेकंद’. तो आकडा एकतर सगळ्यात अनुकूल बदलाचा असतो, नाहीतर मागचा दिवा लुकलुकवून मिळवलेला असतो, ज्यात उजेड घटतो आणि अडॅप्टिव्ह सिंक बहुधा बंद पडतं. चोवीस इंची पडद्याला दिलेल्या बाकाचाही मला काही उपयोग दिसत नाही. आणि सत्तावीस इंच फुल एचडीमध्ये घेऊ नये. तेच ठिपके मोठ्या जागेवर पसरले की इंचाला ९२ वरून ८२ वर येतात आणि टेबलाइतक्या जवळून अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. सत्तावीस हवाच असेल तर जास्त ठिपक्यांच्या क्यूएचडीचे पैसे जमेपर्यंत थांबावं.

झाशीत राहायचं तर तुला आणखी काही सोसावं लागेल. मे २०२४ मध्ये इथे पारा ४९ अंशांपर्यंत गेला होता. तुझ्या माहितीपत्रकात बहुतेक ४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं. त्या दिवसांत दुपारी एक ते पाच तू बंद राहशील. सासूबाईंच्या मालिका सकाळी. कूलरच्या झोतात तुला ठेवणार नाही, कारण त्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि बुंदेलखंडाची बारीक धूळही. दोन्ही मिळून तुझ्या मागच्या जाळीत चिखल करतात. खिडकीच्या समोरही नाही. इथल्या उन्हापुढे अडीचशे निट्सचं काही चालत नाही, म्हणून तुझा पृष्ठभाग मॅट हवा आणि टेबल खिडकीला काटकोनात. वीज जाते त्याची मात्र चिंता नको. तू वीस-पंचवीस वॅटवर भागवतोस. जुन्या काचेच्या नळीचे मॉनिटर त्याच्या तिपटी-चौपटीने वीज खात. छोट्या यूपीएसवर तू आणि कॉम्प्युटर, दोघांना नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो.

कुठून घ्यायचं, यावर घरात अजून मतभेद आहेत. भाच्याला ऑनलाइन हवं, तिथे निवड अफाट आणि सणासुदीला भाव उतरतो. दिल्लीचं नेहरू प्लेस चारशे किलोमीटरवर. एका मॉनिटरसाठी तिकडे जाणं मला पटत नाही. माझा कल गावातल्या दुकानाकडे, पण एका अटीवर: दुकानदाराने आमच्या पेन ड्राइव्हमधला अंधारा प्रसंग लावू द्यायला हवा, दुकानातला एक तरी दिवा बंद करून. जो लावू देईल त्याला पाच-सातशे जास्त द्यायला मी तयार आहे. पक्कं बिल मात्र घ्यायचंच. १८ टक्के जीएसटी तुझ्या किमतीत धरलेला असतोच, म्हणजे ११,८०० तले १,८०० रुपये कराचे. ते भरूनही कच्च्या चिठ्ठीवर आणलं तर वॉरंटीच्या वेळी हातात काही नसतं. सर्व्हिस सेंटर झाशीत आहे की ग्वाल्हेर-कानपूरला, हेही पैसे देण्याआधी विचारायचं.

तुझ्या पाठीमागे काय आहे तेही बघणार आहे. एचडीएमआयबरोबर डिस्प्लेपोर्ट असावं, कारण जुन्या एचडीएमआयवर काही वेळा पूर्ण वेग मिळत नाही. हेडफोनचं भोक असावं. भिंतीवर टांगायची चार भोकं असावीत, उद्या टेबल बदललं तर. स्पीकर नसले तरी चालेल. तुझ्यासारख्यांत बसवलेले दोन वॅटचे स्पीकर ढोलकी आणि संवाद एकाच डब्यात घालतात. हजार-दीड हजारांचे वेगळे स्पीकर त्याहून कितीतरी चांगले, आणि सिनेमा अर्धा कानांनीच बघायचा असतो. हे पैसे बारा हजारांच्या आतच बसवायचे आहेत, म्हणजे तुझ्या वाट्याला साडेदहा. तेवढ्यात चोवीस इंची, फुल एचडी, आयपीएस, १४४ च्या पुढचा आणि रुंद कक्षेचा अडॅप्टिव्ह सिंक असलेला मॉनिटर सवलतीच्या दिवसांत मिळू शकतो. नाहीच मिळाला तर १०० हर्ट्झचा घेऊ. भाच्याला हे कबूल आहे.

तू आलास की पहिल्याच संध्याकाळी खोली अंधारी करून तुझ्यावर पूर्ण काळं चित्र लावू. कोपऱ्यांतून थोडा उजेड झिरपणारच, आयपीएसमध्ये तो असतोच. पण एकाच कोपऱ्यात पिवळट डाग पसरला असेल तर ते चालणार नाही. मग पांढरं, लाल, हिरवं, निळं, एकेक करून; मेलेला ठिपका असेल तर त्यात दिसतो. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी पुष्कळ कंपन्या वॉरंटीत बदलून देत नाहीत, म्हणून परतीची मुदत असतानाच हे करायचं. उजेड कमी करून पडद्यापुढे पेन्सिल झरझर हलवून बघू. तिच्या तुटक-तुटक सावल्या दिसल्या तर तुझा दिवा लुकलुकतो आणि सासूबाईंचं डोकं दुखणार. आणि भाच्याला विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झचा आकडा हाताने बदलायला सांगितलं आहे. नाहीतर १४४ चा मॉनिटर वर्षानुवर्षं ६० वर चालत राहतो आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. एवढ्यात कुठे दोष निघाला तर तुला परत पाठवू, मनाविरुद्ध पण नक्की. नाही निघाला तर तुझं खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहील, तशी जागा मी आजच रिकामी करून ठेवली आहे.

तुझी वाट पाहणारी,
झाशीची एक प्रेक्षक